फिअरलेस नादिया

मेरी अ‍ॅन इव्हान्स ऊर्फ फिअरलेस नादिया (जन्म : पर्थ, ऑस्ट्रेलिया, ८ जानेवारी १९०८, मृत्यू : मुंबई, ९ जानेवारी १९९६) या हिंदी चित्रपटसृष्टीतील स्टंटपटांच्या पहिल्या मोठ्या नायिका होत. १९३५ साली प्रदर्शित झालेल्या 'हंटरवाली' या वाडिया मूव्हीटोनच्या बोलपटाने त्यांना अफाट लोकप्रियता मिळवून दिली. पुढील सुमारे दहा वर्षे देशातील गावोगावच्या चित्रपटगृहांत त्यांचे नाव प्रेक्षक खेचण्यास पुरेसे होते. स्वातंत्र्योत्तर काळात मात्र त्या इतक्या विस्मृतीत गेल्या, की चित्रपटांच्या इतिहासग्रंथांतही त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीपुरता उरला. १९९३ मध्ये रियाद विंची वाडिया यांनी जुन्या चित्रपटांतील दृश्ये एकत्र करून 'फिअरलेस : द हंटरवाली स्टोरी' हा माहितीपट तयार केला आणि नादिया नव्या पिढीसमोर आल्या. त्या वेळी त्या ८५ वर्षांच्या होत्या.

पूर्वायुष्य

मेरी यांचे वडील ब्रिटिश सैन्यात होते, तर आई ग्रीक वंशाची होती. वडिलांच्या नोकरीनिमित्त हे कुटुंब पहिल्या महायुद्धाच्या आधी मुंबईस आले. १९१५ मध्ये वडील युद्धात कामी आले आणि मायलेकी मुंबईतच राहिल्या. १९२२ मध्ये त्या पेशावरला गेल्या. वायव्य सरहद्दीवरील या वास्तव्यात मेरी घोडेस्वारी, नेमबाजी आणि शिकार शिकल्या. पुढे पडद्यावर त्यांनी जे करून दाखविले त्याची बरीचशी तयारी येथे झाली होती. चित्रपटासाठी म्हणून ती मुद्दाम करावी लागली नाही.

१९२८ मध्ये आई आणि लहानग्या मुलासह त्या मुंबईस परतल्या. दुकानात विक्रेतीचे काम, लघुलेखन आणि टंकलेखनाचे शिक्षण असे उपजीविकेचे मार्ग त्यांनी चोखाळून पाहिले. वजन कमी व्हावे म्हणून मादाम अ‍ॅस्ट्रोव्हा या रशियन नृत्यशिक्षिकेकडे त्या बॅले शिकू लागल्या व तिच्याच नृत्यसंचातून दौऱ्यावर निघाल्या. काही काळ त्यांनी झार्को सर्कशीतही काम केले. एका आर्मेनियन ज्योतिष्याने सांगितले, की 'न' अक्षराने सुरू होणारे नाव घेतल्यास भाग्य उजळेल, आणि तेव्हापासून मेरी नादिया झाल्या, असे सांगितले जाते.

वाडिया बंधूंशी परिचय

जमशेद बोमन होमी वाडिया (जे.बी.एच. वाडिया, १९०१-१९८६) आणि त्यांचे धाकटे बंधू होमी वाडिया (१९११-२००४) हे मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणाऱ्या प्रसिद्ध लवजी वाडिया घराण्यातील. घरच्यांना न रुचणारा चित्रपटाचा धंदा या दोघा भावांनी पत्करला होता. डग्लस फेअरबँक्सचे चित्रपट हे त्यांचे वेड. तलवारबाजी, घोडदौड, मुखवटाधारी वीर आणि अखेरीस दुर्जनांचा पाडाव हा साचा त्यांनी मूकपटांच्या काळातच आत्मसात केला होता. परळ येथील 'लवजी कॅसल' या वडिलोपार्जित वाड्यात त्यांनी वाडिया मूव्हीटोनचा स्टुडिओ थाटला. 'लाल-ए-यमन' (१९३३) हा त्यांचा पहिला बोलपट. त्यात काम करणारा फिरोज दस्तूर हा मुलगा पुढे सवाई गंधर्वांचा शिष्य आणि किराणा घराण्याचा नामांकित गायक झाला. मराठी रसिकांना वाडियांच्या या चित्रपटाची ओळख असलीच तर बहुधा त्या नात्याने असते.

लाहोरच्या रीगल चित्रपटगृहाचे व्यवस्थापक कांगा यांनी नादियांची गाठ जे.बी.एच. यांच्याशी घालून दिली. सोनेरी केस, निळे डोळे आणि धिप्पाड बांधा असलेल्या या बाईंना हिंदी बोलपटात घ्यावे कसे, हा प्रश्नच होता. त्यांचे हिंदी उच्चारही परके होते. जे.बी.एच. यांनी सुचविले, की नाव बदलून 'नंदादेवी' ठेवावे आणि काळ्या केसांचा टोप व वेणी लावावी. नादियांनी दोन्हीस साफ नकार दिला. नाव बदलणे करारात नाही आणि शिवाय 'नादिया' हे 'वाडिया'शी यमक जुळवते, असे उत्तर त्यांनी दिल्याची आख्यायिका वाडिया कुटुंबात सांगितली जात असे. 'देश दीपक' आणि 'नूर-ए-यमन' या १९३५ च्या दोन चित्रपटांत त्यांना लहान भूमिका देऊन प्रेक्षकांचा कौल अजमावण्यात आला. कौल अनुकूल निघाला.

हंटरवाली

'हंटरवाली'चे दिग्दर्शन होमी वाडिया यांनी केले. कथा सरळ आहे. दुष्ट प्रधान रणमल राजाला बंदिवासात टाकतो. राजकन्या माधुरी तोंडावर मुखवटा चढविते, हातात चाबूक घेते आणि 'हंटरवाली' होऊन गोरगरिबांची कैवारी बनते. बोमन श्रॉफ यांनी रंगविलेला नायक जसवंत तिच्या साहाय्याला असला, तरी कथेची सूत्रे नायिकेच्या हाती राहतात. झुंबराला लटकून झोके घेणे, गच्चीवरून उडी टाकणे, दांडग्या पुरुषांना खांद्यावर उचलून भिरकावणे हे सर्व नादियांनी स्वतः केले. त्यांच्याऐवजी उडी मारणारा कोणी बदली नव्हता. चाबूक फिरविताना त्या मारीत असलेली 'हेऽऽय' ही आरोळी लवकरच देशभरातल्या पोरांच्या तोंडी झाली.

तयार चित्रपट विकत घेण्यास वितरक धजेनात. अर्धी विजार घालून पुरुषांना चोपणारी गोरी बाई नायिका म्हणून कोण पाहणार, अशी शंका सर्वांनाच होती. अखेर वाडिया बंधूंनी स्वतःच्या जबाबदारीवर तो प्रदर्शित केला आणि तो २५ आठवड्यांहून अधिक चालला. हंटरवालीच्या नावाचे चाबूक आणि कमरपट्टे बाजारात आले. त्यांचा वाडियांशी काही संबंध नव्हता. यशाची याहून पक्की खूण त्या काळी दुसरी नव्हती.

त्या काळाचा विचार केल्यास या यशाचे महत्त्व ध्यानात येते. याच सुमारास पुण्याच्या 'प्रभात'ने 'अमरज्योती'त (१९३६) दुर्गा खोटे यांना चाचेगिरी करणारी बंडखोर सौदामिनी म्हणून उभे केले आणि 'कुंकू'मध्ये (१९३७) शांता आपटे यांच्या नीरेने जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध दंड थोपटले. मराठी समीक्षेने या दोन स्त्रीप्रतिमांचा गौरव केला आणि तो यथार्थच आहे. परंतु त्याच वर्षांत त्याच मुंबई इलाख्यात पिटातील प्रेक्षक जिच्यासाठी शिट्या मारीत होता, ती तिसरी बंडखोर स्त्री या चर्चेत कोठेही दिसत नाही. सुशिक्षितांच्या लेखी स्टंटपट म्हणजे गिरणी कामगार, टांगेवाले आणि शाळा चुकविणारी मुले यांची करमणूक. त्यावर लिहावे असे फारसे कोणाला वाटले नाही.

इतर प्रमुख चित्रपट

'मिस फ्रंटियर मेल' (१९३६) या चित्रपटात नादियांनी सविता या आधुनिक तरुणीची भूमिका केली आहे. तिच्या वडिलांवर खुनाचा खोटा आळ येतो आणि 'सिग्नल एक्स' या गुप्त खलनायकाच्या टोळीचा माग काढणे तिला भाग पडते. धावत्या आगगाडीच्या टपावरील मारामारी हा या चित्रपटाचा कळस. मुंबई ते पेशावर धावणाऱ्या ज्या गाडीचे नाव चित्रपटाला दिले आहे, तिने नादियांच्या पूर्वायुष्यातील दोन शहरे जोडली होती, हा योगायोग उल्लेखनीय आहे. सविताच्या भावाची भूमिका करणारे जयदेव पुढे 'हम दोनो'चे संगीतकार म्हणून विख्यात झाले.

'लुटारू ललना' (१९३८), 'पंजाब मेल' (१९३९), 'डायमंड क्वीन' (१९४०), 'बंबईवाली' (१९४१), 'जंगल प्रिन्सेस' (१९४२) आणि 'मुकाबला' (१९४२) हे त्यांचे आणखी काही गाजलेले चित्रपट. नायकाच्या जागी बहुधा बलदंड शरीराचे जॉन कावस असत. 'पंजाब का बेटा' हा घोडा, 'गनबोट' हा कुत्रा आणि 'रोल्सराॅइस की बेटी' नावाची खटारा मोटार हे या चित्रपटांतील ठरलेले सोबती होते. प्रेक्षक त्यांनाही नावानिशी ओळखत.

यांपैकी 'डायमंड क्वीन' आज विशेष लक्षपूर्वक पाहिला जातो. मुंबईहून शिकून आपल्या गावी परतलेली मधुरिका तेथील गुंडगिरीचा बीमोड करते, एवढेच त्याचे कथानक नाही. देश स्वतंत्र व्हावयाचा तर आधी स्त्रियांना स्वातंत्र्य दिले पाहिजे, असे ती सरळ बोलून दाखविते. जे.बी.एच. वाडिया हे आरंभी काँग्रेसच्या चळवळीत आणि पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या अनुयायांत होते. साक्षरता, स्त्रीमुक्ती, हिंदू-मुस्लिम ऐक्य हे विषय ते मारामारीच्या दोन दृश्यांमध्ये बेमालूम बसवीत. सरकारी परीक्षण मंडळाचे लक्ष गंभीर चित्रपटांवर अधिक असे. दुष्ट प्रधान, पिचलेली प्रजा आणि तिला सोडविणारी वीरांगना यांच्या गोष्टीतून प्रेक्षकाला काय घ्यायचे ते तो घेत असे.

येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. परकीय सत्तेच्या काळात प्रजेची मुक्तिदात्री म्हणून उभी राहिलेली ही स्त्री वंशाने सत्ताधाऱ्यांपैकीच होती. प्रेक्षकांना तीत काही खटकले नाही. याचे एक कारण पडद्यावर त्या कधीही 'मेमसाहेब' नसत. माधुरी, सविता, मधुरिका अशी नावे घेऊन त्या वावरत. दुसरे कारण अधिक जुने आहे. घोड्यावर स्वार, हाती शस्त्र आणि अन्यायाविरुद्ध उभी ठाकलेली स्त्री ही प्रतिमा झाशीची राणी लक्ष्मीबाई आणि ताराराणी यांच्या कथांतून लोकांच्या मनात रुजलेलीच होती. नादिया त्या चौकटीत जाऊन बसल्या. केसांचा रंग हा मग तपशिलाचा भाग ठरला.

उतरता काळ आणि विस्मरण

१९४० नंतर जे.बी.एच. यांचा ओढा प्रतिष्ठित विषयांकडे वाढला. साधना बोस यांचा 'राजनर्तकी' (१९४१) हा त्याचा नमुना. होमींना स्टंटपट सोडावयाचे नव्हते. १९४२ मध्ये त्यांनी बसंत पिक्चर्स ही स्वतंत्र संस्था काढली आणि 'हंटरवाली की बेटी' (१९४३) हा तिचा आरंभीचा चित्रपट नादियांना घेऊन केला. लवजी कॅसलमधील स्टुडिओच्या जागी त्याच वर्षी व्ही. शांताराम यांचे राजकमल कलामंदिर उभे राहिले. 'राजकमल'ची जागा मराठी वाचकाच्या चांगली परिचयाची आहे. मात्र हंटरवालीचा चाबूक प्रथम तेथेच कडाडला होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

स्वातंत्र्यानंतर प्रेक्षकांची रुची बदलली. गीतप्रधान सामाजिक चित्रपटांचा जमाना आला. होमी वाडियांनीही 'श्री गणेश महिमा' (१९५०) आणि 'हनुमान पाताल विजय' (१९५१) यांसारख्या पौराणिक चित्रपटांची वाट धरली. नादिया अधूनमधून पडद्यावर दिसत राहिल्या. त्यांचा अखेरचा चित्रपट 'खिलाडी' १९६८ मध्ये आला, तेव्हा त्यांनी साठी गाठली होती.

होमी आणि नादिया यांचे प्रेम जुने होते. परंतु पारशी नसलेली सून होमींच्या आईला मान्य नव्हती. आईचे मन न दुखविता दोघे थांबले आणि त्यांचा विवाह १९६१ मध्ये झाला. नादियांच्या मुलाला होमींनी आपले नाव दिले. विवाहानंतर त्या मुंबईत गृहिणी म्हणून शांतपणे राहिल्या.

विस्मरणाची कारणे केवळ रुचिपालटात शोधून भागणार नाही. त्या काळच्या नायट्रेट फितीच्या प्रती सहज पेट घेत. न पेटल्या तर कुजत. चित्रपटाची कमाई संपली, की प्रतीतून चांदी काढण्यासाठी ती भट्टीत जाई. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ मध्ये. तोवर तीन दशकांची सामग्री नष्ट झाली होती. जे वाचले त्यातही अग्रक्रम मिळाला तो प्रतिष्ठित चित्रपटांना. स्टंटपट जपून ठेवावा ही कल्पनाच अनेकांना विचित्र वाटली असती.

राहिला तो एक शब्द. 'हंटरवाली' हा शब्द मराठीत आणि हिंदीत आजही जिवंत आहे. शाळेतील करड्या शिस्तीच्या बाईंना मुले पाठीमागे 'हंटरवाली' म्हणतात. कजाग सासू किंवा तापट अधिकारी स्त्री यांनाही तेच विशेषण चिकटते. मूळ हंटरवालीचा चाबूक जुलमी माणसांवर चालत असे आणि गरीब तिला दुवा देत. व्यक्ती विसरली गेली, चित्रपट दिसेनासा झाला आणि गौरवाचे नाव टोमणा होऊन उरले. आपण कोणाचे नाव घेत आहोत, हे त्या मुलांना कोणी सांगितलेले नसते.

पुनर्शोध

नादियांची आठवण सर्वप्रथम गांभीर्याने लिहून ठेवणाऱ्यांत नाटककार गिरीश कर्नाड यांचा समावेश होतो. १९८० मध्ये 'सिनेमा व्हिजन इंडिया' या इंग्रजी नियतकालिकात त्यांनी नादियांवर लेख लिहिला. आपल्या बालपणीचा सर्वांत संस्मरणीय आवाज म्हणजे नादियांची आरोळी, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. नाट्यक्षेत्रात मान्यता पावलेल्या लेखकाने स्टंटपटाचे ऋण असे उघडपणे मान्य करणे ही त्या वेळी नवलाची गोष्ट होती.

खरा पालट घडवून आणला तो रियाद विंची वाडिया (१९६७-२००३) यांनी. रियाद हे जे.बी.एच. यांचे नातू, म्हणजे नादिया त्यांच्या आजोबांच्या धाकट्या भावाची पत्नी, नात्याने चुलत आजी. घरातील या वृद्ध स्त्रीचा पूर्वेतिहास त्यांनी जुन्या चित्रपटांतून नव्याने पाहिला. 'फिअरलेस : द हंटरवाली स्टोरी' हा सुमारे तासाभराचा माहितीपट त्यातून सिद्ध झाला. त्याची मांडणी साधी आहे. शिल्लक प्रतींतील दृश्ये सलग दाखविली जातात आणि निवेदन मागे राहते. आगगाडीच्या टपावरून एका गुंडाला फेकून देऊन कमरेवर हात ठेवून हसणारी स्त्री दिसल्यावर स्पष्टीकरणाची गरज उरत नाही. लंडन आणि बर्लिन येथील महोत्सवांत हा माहितीपट दाखविला गेला आणि भारतीय स्त्री पडद्यावर नेहमी सोशिकच होती, या समजाला त्याने धक्का दिला. नादियांना हे कौतुक हयातीत पाहावयास मिळाले, ही समाधानाची बाब होय. विस्मृतीत गेलेल्या कलावंतांच्या वाट्याला हे सहसा येत नाही.

बर्लिनमध्ये हा माहितीपट पाहून दोरोथे वेनर या जर्मन लेखिकेने नादियांचे चरित्र लिहिले. ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००५ मध्ये इंग्रजीत अनुवादित झाले. जर्मन शीर्षकात नादियांना 'झोरोची सोनेरी केसांची बहीण' म्हटले आहे. वाडिया बंधूंचे फेअरबँक्सवेड पाहता ते शीर्षक समर्पक आहे. ब्रिटिश अभ्यासक रोझी थॉमस यांनी नादियांच्या चित्रपटांचा सविस्तर अभ्यास केला आणि 'बॉम्बे बिफोर बॉलिवूड' (२०१३) या ग्रंथात मुंबईच्या स्टंटपट व जादूपटांना चित्रपटेतिहासात स्थान देण्याची मागणी मांडली. पौराणिक आणि सामाजिक चित्रपट म्हणजेच भारतीय चित्रपट, हे समीकरण उत्तरकालीन इतिहासकारांनी तयार केले. प्रत्यक्ष प्रेक्षक त्या वेळी दुसरेच काही पाहत होता, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे.

या पुनर्शोधालाही मर्यादा आहेत. परदेशी महोत्सवांतील प्रेक्षकाला नादियांच्या चित्रपटांतील विनोद आणि भडकपणा हा गमतीचा भाग वाटतो, आणि कित्येकदा कौतुक तेथेच थांबते. चित्रपटांची संहिता, त्यांतील राजकारण, जॉन कावस आणि बोमन श्रॉफ यांच्यासारखे सहकलाकार, मारामाऱ्या बसविणारे अनामिक तंत्रज्ञ यांच्याकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. मराठीत तर नादियांवर लेखन अल्पच आहे, जरी त्यांची सारी कारकीर्द परळ आणि चेंबूरच्या परिसरात घडली.

लोकसंस्कृतीतील उल्लेख

विशाल भारद्वाज दिग्दर्शित 'रंगून' (२०१७) या हिंदी चित्रपटात कंगना राणावत यांनी साकारलेली मिस ज्युलिया ही स्टंटनायिका नादियांवर बेतलेली असल्याचे सर्वत्र मानले गेले. वाडिया मूव्हीटोनने त्यास हरकत घेतली व तो वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. ज्या प्रतिमेला १९३५ मध्ये वितरक मिळत नव्हता, तिच्या मालकीहक्कावरून ८२ वर्षांनी दावा दाखल झाला. ८ जानेवारी २०१८ रोजी, नादियांच्या ११०व्या जन्मदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले.

'मिस फ्रंटियर मेल' आणि 'डायमंड क्वीन' हे चित्रपट आज अभ्यासकांना पाहता येतात आणि अधूनमधून महोत्सवांतही दाखविले जातात.